इंडियाना जोन्सचे पाच चित्रपट: कोणता आधी पाहावा आणि कोणता राहिला तरी चालेल

इंडियाना जोन्स नावाच्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकाच्या साहसांवर १९८१ ते २०२३ या काळात पाच चित्रपट निघाले आणि पाचांची मिळून लांबी १० तास ३६ मिनिटे भरते. ज्यांनी यांपैकी एकही पाहिलेला नाही, किंवा लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी काहीतरी पाहिल्याचे ज्यांना अंधुक आठवते, त्यांना एका शनिवार-रविवारात सगळे पाहणे अवघड आहे आणि, स्पष्टच सांगायचे तर, त्याची गरजही नाही. पाचही चित्रपटांत हॅरिसन फोर्ड नायक आहेत, पाचांनाही जॉन विल्यम्स यांचे संगीत आहे, पहिले चार स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केले आहेत आणि या पात्राची मूळ कल्पना जॉर्ज लुकास यांची आहे. तरीही या चित्रपटांच्या दर्जात मोठी तफावत आहे आणि ती कुठून येते हे लक्षात आले की निवड बरीच सोपी होते.

माझ्या मते पाचांनाही लावावी अशी कसोटी एकच आहे: नायकाला त्याच्या साहसाची किंमत मोजावी लागते का? हा माणूस अचाट शक्तीचा वीर नाही. तो धापा टाकतो, त्याला लागते, सापांची त्याला भीती वाटते, त्याचे बेत फसतात आणि हाती आलेली मौल्यवान वस्तू बहुतेक वेळा त्याच्या हातून निसटते. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दर आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या स्वस्त साहसमालिका चालत असत. लुकास आणि स्पीलबर्ग यांनी त्यांचा वेग घेतला, पण त्यात थकणारे, चुकणारे आणि हरणारे शरीर आणून बसवले. हे शरीर जिथे खरे वाटते तिथे चित्रपट तग धरतो आणि जिथे त्याला काहीच होत नाही तिथे दृश्ये कितीही भव्य असली तरी प्रेक्षक तटस्थ होतो.

क्रमाचा प्रश्न आधी निकालात काढू. कथेच्या काळानुसार लावले तर १९८४ चा ‘टेंपल ऑफ डूम’ पहिला येतो, कारण त्याचे कथानक १९३५ मधले आहे, तर १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चे १९३६ मधले. त्यानंतर १९३८, १९५७ आणि १९६९ असा प्रवास होतो. हा क्रम कागदावर आकर्षक वाटला तरी त्याने नवा प्रेक्षक मालिकेतल्या सर्वांत विचित्र आणि आपल्यासाठी सर्वांत त्रासदायक चित्रपटापासून सुरुवात करतो. दोन कथांचा एकमेकींशी काही संबंधही नाही. म्हणून प्रदर्शनाचाच क्रम धरावा.

‘रेडर्स’ हा पहिला चित्रपट अजूनही सर्वांत नेटका आहे. पेरूच्या जंगलातल्या सुरुवातीच्या प्रसंगातच संपूर्ण मालिकेचा नियम सांगून होतो: नायक सापळे चुकवत सोन्याची मूर्ती मिळवतो, मागून गडगडत येणाऱ्या प्रचंड शिळेपुढे जीव घेऊन पळतो आणि बाहेर येताच ती मूर्ती बेलॉक नावाचा प्रतिस्पर्धी त्याच्याकडून आरामात काढून घेतो. पुढे इजिप्तमध्ये नाझींच्या आधी कराराचा कोश, म्हणजे बायबलमधल्या दहा आज्ञांच्या शिलापाट्या ठेवलेली पवित्र पेटी, शोधण्याची शर्यत सुरू होते. लॉरेन्स कॅसडन यांच्या पटकथेत एकही प्रसंग नुसता माहिती देण्यासाठी येत नाही. कोशाचे महत्त्व समजावून सांगणारा सुरुवातीचा लांब संवादसुद्धा फळ्यावरच्या आकृतीमुळे आणि फोर्ड यांच्या उत्साही शिक्षकी आविर्भावामुळे रंगतो. मॅरियनची ओळख नेपाळमधल्या स्वतःच्या दारूच्या गुत्त्यात, एका धिप्पाड माणसाला पिण्याच्या पैजेत हरवताना होते आणि कॅरन ॲलन यांनी त्या पहिल्या पाच मिनिटांत उभी केलेली बाई पुढच्या चित्रपटांतल्या कोणत्याही नायिकेला साधलेली नाही.

ट्रकच्या पाठलागाचा प्रसंग तर केवळ संकलनाचा धडा म्हणून पाहावा. नायक घोड्यावरून ट्रकवर उडी घेतो, चालकाला बाहेर फेकतो, स्वतः काचेतून बाहेर फेकला जातो, धावत्या ट्रकच्या खालून सरपटत मागे जातो आणि पुन्हा वर चढून सुकाणूवर येतो. ट्रकखालून जाण्याची ती कसरत टेरी लिओनार्ड यांनी प्रत्यक्ष केली होती आणि तिचा मूळ धागा १९३९ च्या एका वेस्टर्न चित्रपटातल्या याकिमा कनट यांच्या तशाच कामगिरीपर्यंत जातो. प्रसंगाच्या शेवटी नायकाच्या दंडाला गोळी लागलेली असते आणि सगळ्या अंगाला धूळ चिकटलेली असते. पुढच्या दृश्यात त्याला झोप आवरत नाही. कैरोच्या बाजारात तलवारबाजाला एका गोळीत संपवण्याचा गाजलेला विनोदही अशाच थकव्यातून जन्मला, कारण ट्युनिशियातल्या चित्रीकरणाच्या वेळी फोर्ड पोटाच्या विकाराने हैराण होते आणि ठरलेली लांब झुंज देण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. या चित्रपटाने संकलन, कलादिग्दर्शन, ध्वनी आणि दृश्यपरिणाम अशी चार ऑस्कर पारितोषिके जिंकली आणि ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी एक विशेष पारितोषिकही मिळवले.

या चित्रपटावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो: नायक नसता तरी शेवट तोच झाला असता. मला तो अर्धवट वाटतो. नाझींकडे कोशाची जागा शोधून देणाऱ्या पदकाच्या एकाच बाजूचा ठसा असल्यामुळे ते चुकीच्या जागी खणत बसलेले असतात. कोश सापडतो तो नायकामुळे आणि नंतर तो त्याच्याकडून हिसकावला जातो. म्हणजे नायक निरुपयोगी नाही, तो हरतो, आणि चित्रपटाची ताकद नेमकी त्या हरण्यात आहे. खरी उणीव वेगळी आहे. मॅरियन उत्तरार्धात केवळ पळवून नेली जाणारी बाई होऊन बसते, आणि इजिप्तमधली माणसे एक सल्लाह सोडला तर नुसती गर्दी आहेत. तो सल्लाहही जॉन ऱ्हीस-डेव्हिस या वेल्श अभिनेत्याने साकारला आहे.

याच्या शेजारी १९८९ चा ‘द लास्ट क्रुसेड’ ठेवला की निवडीचा खरा पेच सुरू होतो. सांगाडा जवळजवळ तोच आहे: पुन्हा नाझी, पुन्हा वाळवंट, पुन्हा ख्रिस्ती परंपरेतली पवित्र वस्तू, या वेळी येशूच्या अखेरच्या भोजनातला पेला. कृतिदृश्यांच्या धारेत तो पहिल्याच्या मागे आहे, विमानांची काही दृश्ये आता जुनाट दिसतात, आणि मार्कस ब्रॉडी हा पहिल्या चित्रपटातला सुज्ञ संग्रहालयप्रमुख इथे उगाचच वेंधळा करून टाकला आहे. मग तो अनेकांना पहिल्याइतका किंवा त्याहून अधिक का आवडतो? कारण शॉन कॉनरी. नायकाचे वडील हेन्री जोन्स यांच्या भूमिकेत ते आले तेव्हा प्रत्यक्षात फोर्ड यांच्यापेक्षा ते अवघ्या बारा वर्षांनी मोठे होते, पण पडद्यावर हे वयाचे गणित कोणाच्या मनात येत नाही. पडद्यावर दिसतो तो आयुष्यभर पुस्तकांत बुडालेला, मुलाला ‘ज्युनियर’ म्हणून हाक मारणारा, त्याच्या मर्दुमकीने अजिबात प्रभावित न होणारा बाप. झेपेलिन या हवाई जहाजातल्या टेबलावर दोघे समोरासमोर बसतात, मुलगा पोटतिडकीने सांगतो की तुम्ही माझ्याशी कधी बोललातच नाही, आणि बाप हातातली वही मिटून म्हणतो की मी आता बसलो आहे, बोल, तुला कशाबद्दल बोलायचे आहे; त्यावर मुलाला काहीच सुचत नाही. जेफ्री बोम यांच्या पटकथेवर टॉम स्टॉपर्ड यांनी श्रेयनामावलीत नाव न देता हात फिरवला होता, आणि बापलेकांच्या संवादांची ही धार त्या हाताची असावी असे वाटते.

इथे किंमत शरीराने कमी आणि मनाने अधिक मोजली जाते. शेवटी पेट्राच्या गुलाबी दगडातल्या दर्शनी भिंतीमागे, म्हणजे जॉर्डनमधल्या खऱ्या वास्तूतून आत शिरल्यावर, नायकाला जे तीन टप्पे पार करायचे आहेत ते प्रसिद्धीसाठी किंवा वस्तूसाठी नाहीत. बाहेर बापाला गोळी लागलेली आहे. पहिल्या चित्रपटात आपण दैवी शक्तीपुढे थक्क होतो, इथे मात्र एका माणसाने दुसऱ्यासाठी काय सोडले याकडे आपले लक्ष असते. रिव्हर फिनिक्स यांनी साकारलेल्या किशोरवयीन इंडियानाचा १९१२ मधला सुरुवातीचा प्रसंगही देखणा आहे, मात्र हॅट, चाबूक, हनुवटीवरचा व्रण आणि सापांची भीती या सगळ्यांचा उगम एकाच दुपारी उरकण्याची घाई त्यात झाली आहे.

म्हणून एकच चित्रपट पाहायचा असेल तर पहिला, आणि दोन पाहायचे असतील तर पहिला आणि तिसरा, याच क्रमाने. तिसऱ्यातला बराच विनोद पहिल्याच्या ओळखीवर उभा आहे. व्हेनिसच्या भुयारात भिंतीवर कोशाचे चित्र दिसते तेव्हा नायक जे त्रोटक उत्तर देतो त्याची गंमत पहिला पाहिल्याशिवाय कळणार नाही. ज्यांना पडद्यावरची रचना, वेग आणि कसरत यांत अधिक रस आहे त्यांना पहिला अधिक भावेल. वडील, मुलगा आणि नात असे तीन पिढ्यांचे प्रेक्षक एकत्र बसणार असतील तर तिसऱ्याला पर्याय नाही.

आता ‘टेंपल ऑफ डूम’. भारतीय प्रेक्षकाला हा चित्रपट टाळता येत नाही आणि निमूटपणे गिळताही येत नाही. शांघायच्या क्लबमधल्या धमाल सुरुवातीनंतर नायक, गायिका विली स्कॉट आणि शॉर्ट राउंड नावाचा चिनी मुलगा विमानातून हिमालयात पडतात आणि बर्फावरून घसरत, नदीतून वाहत थेट अशा खेड्यात पोहोचतात की जिथे गावकरी सिंहली बोलतात. याचे कारण सरळ आहे: भारत सरकारने संहितेवर आक्षेप घेऊन बदल मागितले, निर्मात्यांना ते मान्य नव्हते आणि चित्रीकरण श्रीलंकेत कँडीच्या परिसरात झाले. चित्रपट तयार झाल्यावर भारतात त्याच्या प्रदर्शनावर सुरुवातीला बंदीही होती.

आक्षेप अनाठायी नव्हता. पंकोटच्या राजवाड्यातल्या मेजवानीत पाहुण्यांना सापाच्या पोटातून निघणारी जिवंत पिले, डोळ्यांचे सूप आणि माकडाचा थंड मेंदू वाढला जातो. इथल्या कोणत्याही संस्थानात असे ताट कधी मांडले गेले असेल, असे ही दृश्ये लिहिणाऱ्यांनाही वाटले नसावे. तो विनोद आहे, पण ज्या प्रेक्षकाला भारताविषयी दुसरे काहीच माहीत नाही त्याच्यासाठी तोच भारत ठरतो. ठगांचे चित्रण त्याहून गोंधळाचे आहे. इतिहासातले ठग वाटसरूंच्या टोळीत मिसळून रुमालाने गळा आवळत आणि लूट करत. एकोणिसाव्या शतकात विल्यम स्लीमन यांच्या मोहिमेने त्यांचा बीमोड केला आणि त्या मोहिमेच्या नोंदींत अतिशयोक्ती किती होती यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. चित्रपटात मात्र हेच ठग १९३५ साली जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटतात, जे ॲझ्टेक बळींच्या वर्णनांशी अधिक जुळते, आणि बाहुलीला टाचण्या टोचून छळ करतात, ही कल्पना कॅरिबियन बेटांच्या जादूटोण्याबद्दलच्या पाश्चात्त्य समजुतींमधून उचललेली आहे. काली हे निखळ सैतानाचे रूप ठरते. बालमहाराजाचे नाव जालिम सिंग आहे, एवढे सांगितले की संशोधनाची खोली वेगळी मोजायला नको. आणि शेवटी सुटका करायला ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली बंदूकधारी पलटण येते.

असे असूनही मी हा चित्रपट टाकाऊ म्हणणार नाही, आणि त्याचे पहिले कारण अमरीश पुरी आहेत. मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवर घडलेल्या आणि ‘भूमिका’त विनायक काळे हा घरातल्या बायकांना कुलपात ठेवणारा सभ्य, थंड जमीनदार साकारणाऱ्या या नटाने ठगांचा पुजारी मोलाराम याच्या भूमिकेसाठी डोके तुळतुळीत करून घेतले आणि अत्यंत कच्च्या लिखाणात स्वतःच्या आवाजाने वजन भरले. बाकीचे सगळे पात्रांची थट्टा करत असताना ते एकटेच आपल्या पात्रावर पूर्ण विश्वास ठेवून काम करत आहेत. दिवाण छत्तरलाल झालेले रोशन सेठ दोनच वर्षांपूर्वी ‘गांधी’त नेहरू होते, इतके जाणते दोन नट हाती असताना त्यांना असे संवाद द्यावेत याची हळहळ वाटते. दुसरे कारण के हुय क्वान. लहानग्या शॉर्ट राउंडची आणि नायकाची जोडी हा या चित्रपटाचा एकमेव उबदार भाग आहे, आणि याच मुलाने मोठेपणी, २०२३ साली, साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर स्वीकारले. तिसरे कारण कारागिरी: खाणीतल्या डब्यांचा पाठलाग, ज्यात लहान प्रतिकृती आणि प्रत्यक्ष चित्रीकरण यांचा सांधा आजही सहज सापडत नाही, आणि दरीवर खरोखर बांधून खरोखर तोडलेला दोरांचा पूल.

मग कसोटीवर तो कुठे बसतो? इथेही किंमत मोजली जाते, पण ती मोजतात गावातली गुलाम केलेली मुले, जी चित्रपटभर निनावी राहतात. स्वतः नायक मध्यंतरी भ्रमित होतो, सुटतो आणि बदलतो, हा आलेख खरे तर पाचही चित्रपटांत सर्वांत स्पष्ट आहे; सुरुवातीला पैसा आणि कीर्ती म्हणणारा माणूस शेवटी गावातून चोरीला गेलेला पवित्र दगड गावाला परत करतो. तो आलेख विलीच्या अखंड किंकाळ्यांत आणि किळसवाण्या प्रसंगांत हरवतो. गंमत म्हणजे लुकास यांनीच पुढे १९९२ मध्ये सुरू केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत लहानगा इंडियाना १९१० च्या बनारसमध्ये येतो आणि किशोरवयीन जे. कृष्णमूर्तींशी त्याची मैत्री होते. भारताकडे पाहण्याची ती नजर कितीतरी शांत आणि अभ्यासू आहे. ‘टेंपल ऑफ डूम’ पाहावा, पण पहिला आणि तिसरा पाहून झाल्यावर, आणि हॉलीवूडने आपल्याला कसे पाहिले याचा दस्तऐवज म्हणून.

उरलेल्या दोघांवर इतके थांबण्याची गरज नाही. २००८ चा ‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’ १९५७ मध्ये घडतो. नाझींच्या जागी सोव्हिएत आले आहेत आणि दैवी वस्तूच्या जागी परग्रहावरची. शीतयुद्धाच्या काळासाठी ही अदलाबदल तर्कशुद्ध आहे आणि निर्मनुष्य नमुना-वस्तीत अणुस्फोटाची उलटमोजणी सुरू होते ते दृश्य खरोखर अस्वस्थ करणारे आहे. पण नायक शिशाचे अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये शिरतो, स्फोटाने कित्येक मैल फेकला जातो आणि दार उघडून चालू लागतो, त्या क्षणी माझ्या कसोटीवर चित्रपट बाद होतो. ज्या माणसाला ट्रकखालून सरपटल्यावर कण्हताना आपण पाहिले त्याला आता काहीच होत नाही. पुढे जंगलातला गाड्यांचा पाठलाग, माकडांबरोबर वेलींना लटकणे, तीन धबधब्यांवरून सलग कोसळणे, हे सगळे संगणकाने गुळगुळीत केलेले आहे. केट ब्लँचेट आणि परतलेल्या कॅरन ॲलन आहेत तेवढ्यापुरते बरे वाटते. (स्फटिकाच्या कवट्यांचे खरे रहस्य अधिक मजेदार आहे: ब्रिटिश म्युझियममधली आणि पॅरिसमधली अशा दोन प्रसिद्ध कवट्या प्राचीन नसून आधुनिक हत्यारांनी कोरलेल्या आहेत, असे तपासणीत निघाले.)

२०२३ च्या ‘डायल ऑफ डेस्टिनी’चे दिग्दर्शन जेम्स मॅनगोल्ड यांनी केले आहे. १५४ मिनिटांचा हा चित्रपट सर्वांत लांब आहे आणि त्यातली निदान वीस मिनिटे कमी करता आली असती. १९४४ मधल्या सुरुवातीला फोर्ड यांचा चेहरा संगणकाने तरुण केला आहे. चेहरा जमतो, पण आवाज आणि चाल म्हाताऱ्याचीच राहते. त्यानंतर १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर पोहोचल्याच्या जल्लोषात, निवृत्त होणारा, एकटा, चिडका प्राध्यापक दिसतो तेव्हा चित्रपट पहिल्यांदा श्वास घेतो. चित्रीकरणाच्या वेळी फोर्ड यांचे वय ऐंशीच्या जवळ पोहोचले होते आणि पडद्यावर ते लपवलेले नाही: एका कड्यावर चढताना तो आपल्या जुन्या दुखण्यांची यादी वाचतो. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ १९०१ साली सापडलेल्या दंतचक्रांच्या प्राचीन यंत्राला आर्किमिडीजशी जोडून काळप्रवासाची कळ बनवणे ही कल्पना वेडगळ आहे, पण तिच्यामुळे शेवटच्या भागात या माणसाला जो मोह पडतो तो त्याच्या व्यवसायाला साजेसा आहे. चौथ्या आणि पाचव्यात निवडायचे असेल तर पाचवा निवडावा, मात्र पहिला आणि तिसरा पाहून या माणसाची सवय झालेली असेल तरच. एरवी म्हातारपणाची ही किंमत कोण मोजतो आहे हेच नव्या प्रेक्षकाला उमगणार नाही. पाचव्यासाठी चौथा पाहणे आवश्यक नाही. मॅरियनशी झालेले लग्न आणि त्यांचा मुलगा, एवढे माहीत असले की पुरते.

मुलांबरोबर पाहणाऱ्यांसाठी वेगळा विचार करावा लागतो. दहा वर्षांखालील मुले असतील तर तिसऱ्यापासून सुरुवात करण्याचा अपवाद करावा, आणि त्यातही भुयारातले उंदीर आणि शेवटी एका पात्राचे झपाट्याने म्हातारे होणे एवढे आधी सांगून ठेवावे. पहिल्याच्या अखेरच्या काही मिनिटांत चेहरे वितळतात. बेलॉकच्या शेवटाचे मूळ दृश्य इतके उग्र होते की त्यावर ज्वाळांचा थर चढवूनच ते सौम्य प्रमाणपत्रात बसवता आले. दुसऱ्याने तर अमेरिकेतली प्रमाणपत्राची पद्धतच बदलायला लावली: त्याच्यावर आणि त्याच उन्हाळ्यात आलेल्या आणखी एका चित्रपटावर पालकांनी नाराजी व्यक्त केल्यावर १९८४ च्या जुलैमध्ये तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारा नवा वर्ग सुरू झाला. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांनाच दाखवावा, आणि मेजवानीचा प्रसंग आला की थांबवून, असे कोणी जेवत नाही, हे हसत का होईना पण सांगावे.